तुमच्या आतषबाजीच्या आकाशात हवा नाही

गोव्यातल्या साखळीच्या एका तरुण संकलकाचा प्रश्न थोडक्यात असा: त्रिपुरारी पौर्णिमेच्या उत्सवासाठी मंडळाची एक मिनिटाची जाहिरात-फीत करायची आहे. वाळवंटी नदीच्या पात्रातल्या सजवलेल्या नौकांचं गेल्या वर्षीचं चित्रीकरण हाताशी आहे, पण दारूकाम नीट टिपलेलं नाही. म्हणून आफ्टर इफेक्ट्स ह्या दृश्य-परिणामांच्या सॉफ्टवेअरमध्ये सीसी पार्टिकल वर्ल्ड हा कण सोडणारा इफेक्ट वापरून आतषबाजी केली. ग्लो वाढवला, कण वाढवले, रंग बदलले, तरी ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. पार्टिक्युलरसारखं कण बनवणारं महाग प्लगइन (वेगळं विकत घेऊन जोडायचं साधन) घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. तुम्ही जोडलेला तुकडा मी फ्रेम-फ्रेम करून पाहिला. त्यात जे बिघडलंय ते प्लगइन बदलून सुटणारं नाही. तुमचे कण मधून निघतात, एकाच वेगाने बाहेर जात राहतात आणि वाटेत पुसट होतात. मागचं आकाश ठार काळं आहे. नदीवर, नौकांवर, काठावरच्या माणसांवर काहीच घडत नाही. ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुमच्या आकाशात हवा नाही. कणांना अडवणारी हवा नाही, धूर धरून ठेवणारी नाही, प्रकाश पसरवणारी नाही, आवाज उशिरा पोचवणारीही नाही. पार्टिक्युलर घेतलंत तर तुम्हाला हेच निर्वात आकाश जास्त सफाईने रेंडर करून मिळेल.

आधी गोळ्याचं काय होतं ते पाहू. दारूकामाच्या गोळ्यात कागदाचं जाड कवच असतं. त्यात रसायनांच्या दाबून केलेल्या छोट्या गोळ्या असतात, त्यांना तारे म्हणू, आणि मध्ये त्यांना उडवणारी दारू असते. तारा हलका असतो, पण त्याला वेग प्रचंड मिळतो. फुगा अंगातला सगळा जोर लावून फेकला तर हातातून सणकन सुटतो आणि लगेच थबकतो. ताऱ्याचं नेमकं तेच होतं. आतषबाजीत आपल्याला जो ‘फुलण्याचा’ भास होतो तो ह्या थबकण्याचा आहे. स्फोट एका क्षणात संपतो आणि पुढचा सगळा वेळ आपण हवेने थांबवलेले तारे जळताना बघत असतो.

आता आकडे घेऊ, कारण अंदाजाने फिरवलेल्या स्लायडरमधून हे येत नाही. समजा तुमच्या चौकटीची १०८० पिक्सेल उंची म्हणजे प्रत्यक्षातले १२० मीटर. १ मीटरला ९ पिक्सेल झाले. फूल ३० मीटर त्रिज्येचं हवं असेल तर २७० पिक्सेल. हवेचा विरोध असा धरा की सेकंदाच्या एक-तृतीयांशात ताऱ्याचा वेग ३७ टक्क्यांवर येतो. मग सुरुवातीचा वेग सेकंदाला ८१० पिक्सेल ठेवावा लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ९० मीटर. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ८व्या फ्रेमला तारा सुमारे १६७ पिक्सेलवर असेल, १७व्या फ्रेमला २३५ वर, २५व्या फ्रेमला २५७ वर. पहिल्या सेकंदातच ९५ टक्के अंतर कापून झालं. उरलेले १३ पिक्सेल तो रेंगाळत पुरे करतो. खरा विरोध वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षातला पहिला ब्रेक याहूनही कडक असतो. पडद्यासाठी मात्र एवढं गणित पुरतं.

पार्टिकल वर्ल्डमध्ये फिजिक्सखाली रेझिस्टन्स (हवेचा विरोध) नावाची किंमत असते आणि ती मुळात शून्यावर असते. तिथेच तुमची हवा अडकली आहे. ह्या इफेक्टमधल्या वेगाची आणि विरोधाची एककं पिक्सेलमध्ये नाहीत, म्हणून वरचे आकडे थेट टाकता येत नाहीत. मी असं करतो: एका वेगळ्या गाइड लेअरवर (अंतिम चित्रात न येणाऱ्या थरावर) १६७, २३५ आणि २५७ पिक्सेल त्रिज्येची तीन बारीक वर्तुळं काढतो आणि ८, १७, २५ ह्या फ्रेमवर थांबून बाहेरचे तारे त्या त्या वर्तुळाला टेकेपर्यंत वेग आणि रेझिस्टन्स हलवत राहतो. एकदा जमलं की प्रीसेट म्हणून जतन करतो. कणांचा जन्मदर एक-दोन फ्रेमपुरता वर नेऊन लगेच शून्यावर आणायचा आणि कीफ्रेम (किंमत बांधलेल्या खुणा) होल्ड करायचे, म्हणजे किंमत हळूहळू न बदलता एकदम बदलेल, नाहीतर मधल्या फ्रेममध्ये कण गळत राहतात.

गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. हवा नसती तर २ सेकंदांत तारा १९.६ मीटर, म्हणजे १७६ पिक्सेल खाली आला असता. वरच्या हिशेबातल्या हवेत तो जेमतेम ४९ पिक्सेल येतो आणि पुढे सेकंदाला २९ पिक्सेल अशा जवळजवळ ठरलेल्या गतीने उतरतो. तुमच्या तुकड्यातले तारे दगडासारखे कमान करून पडतात, ते ह्यामुळे. फूल आकाशात लटकलं पाहिजे आणि किंचित खांदे पाडून विझलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक नवखा उलटी करतो. खरं वाटावं म्हणून तो रँडमनेस वाढवतो. खऱ्या गोळ्यातले तारे एकाच साच्यातून, एकाच मिश्रणातून आलेले असतात. त्यांचा वेग आणि आयुष्य एकमेकांच्या फार जवळ असतं. म्हणून तर गोल रेखीव दिसतो आणि सगळे तारे जवळपास एकदमच विझतात. ते एकदम विझणं डोळ्याला फार सुखावतं, त्यावर पाणी सोडू नका. वेगात ५ टक्के, आयुष्यात ५ ते १० टक्के फरक पुष्कळ झाला. गोळ्यागोळ्यांत मात्र भरपूर फरक हवा. एकच प्रीकॉम्प (एकत्र बांधलेले लेअर) पुन्हापुन्हा वापरलात तर प्रत्येक वेळी रँडम सीड (कणांची मांडणी ठरवणारा आकडा) बदला, आकार आणि रंग बदला. नुसतं आडवं उलटवून भागत नाही, प्रेक्षकाला ते कळतं.

स्फोट त्रिमितीतच हवा. सीसी पार्टिकल सिस्टिम्स टू सपाट आहे, त्यात सायकलच्या चाकासारखं काहीतरी मिळतं. पार्टिकल वर्ल्ड त्रिमितीत चालतं, म्हणून ते बरोबर निवडलंत. पोकळ गोलावर सारखे पसरलेले तारे समोरून पाहिले तर कडेला दाट आणि मध्ये विरळ दिसतात. हे दिसलं की समजा जमलं. ब्लेंडर ह्या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्स्प्रेशन (छोटं सूत्र) लिहून स्वतः कण वाटणार असाल तर अक्षांश-रेखांशांचे कोन सरळ रँडम घेऊ नका, दोन ध्रुवांवर गर्दी होते. गोलाची त्रिज्या १ धरून उंची उणे १ ते १ मध्ये सारख्या संभाव्यतेने निवडा आणि तिच्याभोवतीचा कोन वेगळा निवडा. पसरण सारखी येते.

आता संदर्भाबद्दल, कारण माझ्या मते निम्मा घोळ इथे होतो. तुम्ही आतषबाजीचे फोटो समोर ठेवून काम केलेलं दिसतं. केंद्रापासून टोकापर्यंत अखंड रेषा असलेली ती सुंदर फुलं म्हणजे काही सेकंद शटर उघडं ठेवून घेतलेले फोटो असतात. चित्रफितीत ते कधीच दिसत नाही. २५ फ्रेमच्या फितीत शटर साधारण १/५० सेकंद उघडं असतं. वरच्या हिशेबातला तारा सुटताना तेवढ्या वेळात १६ पिक्सेल सरकतो, म्हणून पहिल्या फ्रेमांत छोटी रेघ दिसते. सेकंदाभराने त्याचा वेग सेकंदाला ४० पिक्सेलवर आलेला असतो, म्हणजे रेघ एका पिक्सेलपेक्षाही लहान. तिथे फक्त ठिपका उरतो. तुमच्या कणांची लांबी शेवटपर्यंत सारखी आहे आणि डोळ्याला तीच खटकते. कणाचा प्रकार रेषेचा घेऊ नका. साधा गोल ठिपका घ्या आणि रेघ मोशन ब्लरकडून, म्हणजे हालचालीच्या पुसटपणातून, येऊ द्या. नौकांचं चित्रीकरण मोबाइलवरचं असेल तर रात्री मोबाइल शटर बहुधा फ्रेमच्या पूर्ण वेळाइतकं उघडं ठेवतो. तसं असेल तर शटर अँगल १८० (अर्धी फ्रेम) ऐवजी ३६० (पूर्ण फ्रेम) करून बघा. पाण्यात हलणाऱ्या पणत्यांचा ब्लर आणि ताऱ्यांचा ब्लर एकाच जातीचा वाटेल.

मग शेपटीवाली फुलं कशी करायची? ती खरोखर असतात. तारा जळताना मागे ठिणग्या सोडत जातो. पण ठिणगी जिथे सुटते तिथेच जवळपास राहते. ती ताऱ्यापेक्षा हलकी असल्याने हवा तिला लगेच थांबवते. म्हणून शेपूट ताऱ्यामागे ओढली जात नाही. ती हवेत मागे राहते आणि केंद्राकडून टोकाकडे विझत जाते, कारण केंद्राजवळची ठिणगी सर्वात जुनी. एको इफेक्ट लावून केलेली शेपूट ताऱ्याला बांधलेल्या दोरीसारखी हलते, ते टाळा. पार्टिक्युलरमध्ये मूळ कणातून उपकण सोडण्याची सोय आहे. दाविंची रिझॉल्व्ह ह्या संकलन सॉफ्टवेअरच्या फ्यूजन विभागात पी-स्पॉन नावाची नोड हेच करते आणि ती मोफत आवृत्तीतही चालते. पार्टिकल वर्ल्डमध्ये हे नीट होत नाही. म्हणून शेपटीवाली दोन-तीन फुलं फ्यूजनमध्ये करून पारदर्शक पार्श्वभूमीसह आणा आणि बाकीची बिनशेपटीची तुमच्याकडेच करा. विलोच्या झाडासारखं ओघळणारं सोनेरी फूल करायचं असेल तर तारे दुप्पट-तिप्पट वेळ जळू द्या आणि ठिणग्यांना दीड-दोन सेकंदांचं आयुष्य द्या. रंग कोळशाच्या निखाऱ्याचा, पिवळ्याकडून तांबूस होत जाणारा. ह्या एका फुलाला गुरुत्वाकर्षण मोकळेपणी काम करू द्यायचं. मंडळाला शेवटचा भव्य क्षण हवा असतो, तिथे हे फूल ठेवा.

रंगांचं घाईत सांगतो. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. निळा देणारी तांब्याची संयुगं जास्त तापमानात टिकत नाहीत, म्हणून खरा निळा नेहमी मंद आणि खोल असतो. तुमचा निळा लालइतकाच झगझगीत आहे. त्याची तीव्रता निम्म्यावर आणा, लगेच फरक दिसेल. प्रोजेक्ट ३२ बिटमध्ये घ्या, त्यात १ च्या वरचा उजेड टिकतो, आणि १.० गॅमाने रंग मिसळण्याचा पर्याय चालू करा. मग एक्सपोजर इफेक्टने तारे १ च्या, म्हणजे पडद्यावरच्या पूर्ण उजेडाच्या, वर ढकला. लाल ताऱ्याला लाल ६, हिरवा ०.६, निळा ०.३ अशी किंमत दिलीत की गाभा पडद्यावर नारिंगी उजळतो आणि भोवतीचं वलय लाल राहतं. कॅमेऱ्यातही तसंच होतं. वलयासाठी एकच मोठा ग्लो नको. एकाच लेअरच्या तीन प्रती घ्या, लहान, मध्यम आणि खूप मोठा असा ब्लर द्या आणि ॲड मोडमध्ये (जिथे उजेडाची बेरीज होते) एकावर एक मिसळा. मोठा ब्लर अगदी क्षीण ठेवा. नदीकाठच्या दमट हवेत प्रकाश जसा सांडतो तसा तो दिसतो.

इथे तुमच्या विषयाला खास लागू असलेली एक गोष्ट. त्रिपुरारी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. त्या रात्रीचं आकाश काळं असूच शकत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात तेव्हा अमावास्या तोंडावर असते, तिथे काळोख शोभतो. विठ्ठलापुरात, जिथे हा उत्सव भरतो, त्या रात्री आकाशाला गढूळ निळसर उजेड हवा. तुमच्याच चित्रीकरणातल्या आकाशाचा रंग आयड्रॉपरने (रंग उचलण्याच्या साधनाने) उचला आणि तोच पायाला धरा. चंद्र कोणत्या बाजूला आहे तेही फुटेजमधल्या सावल्यांवरून पाहा. गावची माणसं ती फीत पाहणार आहेत. त्यांनी ती रात्र अनेकदा अनुभवलेली आहे.

धूर विसरू नका. प्रत्येक फूल विझल्यावर त्याच जागी, जवळपास त्याच आकाराचा धुराचा ढग राहतो. तो हळूहळू फुगतो आणि वाऱ्याबरोबर सरकतो. समुद्रकिनाऱ्यावर रात्री वारा बहुधा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, म्हणून मिरामार किंवा कळंगुटच्या फितीत धूर समुद्राकडे जायला हवा. साखळीसारख्या आतल्या भागात कार्तिकातल्या रात्री वारा बहुतेक पडलेला असतो आणि धूर तिथेच तरंगतो. मोठे, मऊ, अगदी कमी अपारदर्शक कण किंवा फ्रॅक्टल नॉइज (ढगासारखी नक्षी काढणारा इफेक्ट), दोन्ही चालतात. ताऱ्यांच्या लेअरची भरपूर ब्लर केलेली प्रत घेऊन ती ह्या धुरावर पाडा, म्हणजे पुढचं फूल फुटताना मागच्याचा धूर आतून उजळेल. सगळ्या युक्त्यांमधून मला एकच ठेवायला सांगितली तर मी ही ठेवीन. फुलांच्या मध्ये खोली येते, आधी काय घडलं याची खूण आकाशात राहते आणि पडद्यावर चिकटवल्याची भावना जाते.

आता जमिनीवर. आकाश उजळलं की खालचं सगळं उजळतं. ताऱ्यांचा प्रीकॉम्प घ्या, तो इतका ब्लर करा की नुसता रंगाचा डाग उरेल आणि मास्क करून नौकांवर, काठावर, माणसांच्या डोक्याखांद्यांवर पाडा. नुसतं वरून ॲड केलं तर धुकं पडल्यासारखं दिसतं. म्हणून खालच्या चित्राची एक उजळ केलेली प्रत करा आणि ह्या डागाच्या प्रकाशाने तिला गुणा, मग ती मूळ चित्रात मिसळा. पांढऱ्या वस्तूवर प्रकाश जास्त, गडद पाण्यावर कमी, हे आपोआप जमतं. चौकटीत दीपस्तंभ किंवा देवळाची उजळ भिंत असेल, मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासारखं काही, तर प्रकाश फुलाच्या बाजूनेच पडला पाहिजे आणि दुसरी बाजू अंधारात राहिली पाहिजे. प्रकाश स्फोटाच्या पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये सर्वात तीव्र असतो, मग झपाट्याने उतरतो.

पाण्यातलं प्रतिबिंब समोरच्या काठाच्या पाण्याच्या रेषेभोवती उलटवा. फूल जितकं वर, प्रतिबिंब तितकंच खाली. त्यामुळे उंचावरच्या फुलांचं प्रतिबिंब चौकटीबाहेर जाईल, तसं जाऊ द्या. पात्रातल्या लाटांमुळे प्रतिबिंब उभं ताणलं जातं. उभ्या दिशेचा डायरेक्शनल ब्लर आणि वर फ्रॅक्टल नॉइजने दिलेला थोडा डिस्प्लेसमेंट (चित्र वेडंवाकडं सरकवणं) पुरे. नौका त्या प्रतिबिंबाच्या पुढे यायला हव्यात, म्हणजे रोटोस्कोपिंग (फ्रेमगणिक कडा आखून वेगळं काढणं) करावं लागेल. त्याला वेळ द्या. नौकाच तर त्या रात्रीचं मुख्य आकर्षण आहेत आणि दारूकामाने त्यांना झाकता कामा नये.

गोळे कुठून उडतात हेही ठरवा. प्रत्यक्षात नळ्या एका ठिकाणी रांगेत पुरलेल्या असतात, म्हणून सगळी फुलं जमिनीवरच्या त्याच पट्ट्यातून वर येतात. तुमची फुलं आकाशभर कुठेही उमलतात. ३ इंची गोळा साधारण ९० मीटर वर जातो, ६ इंची त्याच्या दुप्पट, आणि लहान गोळ्यालाही वर पोचायला तीनेक सेकंद लागतात. वर जाताना वेग कमी होत जातो, म्हणून चढणीला सरळ कीफ्रेम नकोत. प्रत्येक गोळ्यामागे चढती रेघ दाखवायची गरज नाही. बरेच गोळे अंधारातच वर जातात आणि अचानक फुटतात. तीन-चार फुलांनंतर एक रिकामा श्वास सोडा, त्या वेळात धूर दिसू द्या.

आवाजाशिवाय हे सगळं अर्धं आहे. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. कॅमेरा स्फोटापासून २०० मीटरवर असेल तर धडाका प्रकाशानंतर १४-१५ फ्रेमनी यायला हवा. संकलनात आपण सवयीने आवाज चित्राला जुळवतो, इथे मुद्दाम उशीर ठेवा. नळीतून गोळा सुटतानाचा ‘धप्प’ वेगळा लावा आणि मग फुटण्याचा आवाज. डोंगर जवळ असतील तर मागून एक क्षीण घुमारा द्या. अंतर कानाला कळलं की डोळा पुष्कळ काही माफ करतो.

शेवटी फाइल. मंडळवाले हीच फीत व्हॉट्सॲपवर पाठवतील आणि कमी बिटरेटमध्ये (सेकंदाला कमी डेटा) बारीक, बेशिस्त हलणारे कण सर्वात आधी चिखल होतात. म्हणून दोन आवृत्त्या काढा. मोठ्या एलईडी पडद्यासाठी पूर्ण तपशिलाची आणि जास्तीत जास्त बिटरेटची, आकाशाच्या छटांमध्ये पट्टे दिसू नयेत म्हणून थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाकून. मोबाइलसाठी ठिणग्यांची संख्या निम्मी, तारे थोडे मोठे, ग्रेन काढून टाकलेला. मोबाइलची आवृत्ती मंडळाला देण्याआधी स्वतःच एकदा व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिथे काय उरतं ते पाहून ताऱ्यांचा आकार ठरवा.